अर्ध्या तासाचं अंतर

आमच्या बापाचा हात साडेसहाला उठायचा. पगाराचा दिवस असो की सुट्टीचा, पाऊस असो की ऊन, त्यात खाडा नाही. तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. डोक्यात भुसा घेऊन यायचा आणि बूट काढायच्या आधी आईच्या कानाखाली एक ठेवून द्यायचा. मग कारण शोधायचा. कारण काय, शोधलं की सापडतंच. पाणी गरम का नाही, पोरी दारात का उभ्या आहेत, तू अशी काय बघतेस.

ताई तेव्हा सात वर्षांची होती. एका दुपारी आई कपडे वाळत घालत असताना ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तिने मागे फिरवले. घरात साडेसहा वाजलेच नाहीत तर बाप येणार नाही, असा तिचा साधा हिशेब. मी चार वर्षांची, खाली उभी राहून टाळ्या वाजवत होते. बाप आला. त्याने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात सव्वाचार.

"म्हणजे मी काम सोडून पळून आलो, असं म्हणायचंय होय तुला?" तो आईला म्हणाला. "कोणी फिरवलं घड्याळ?"

ताई मला घेऊन टेबलाखाली शिरली होती. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी," ती म्हणाली.

त्याने घड्याळ खिळ्यावरून ओढून काढलं, आईचा उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि घड्याळाची कड बोटांवर घातली. दोनदा घातली. काच फुटल्याचा आवाज आधी आला की हाडाचा, ते मला सांगता येणार नाही, पण दोन्ही आवाज मला अजून ओळखता येतात. आईची दोन बोटं वाकडीच जुळली. ह्या गोष्टीबद्दल आमच्या घरात कोणी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे वखारीत एक ओंडका घसरून बापाच्या अंगावर आला आणि तो गेला. मी रडायचा प्रयत्न केला होता. जमलं नाही.

ताई शिकली. मी शाळेपेक्षा कुस्तीच्या मैदानात जास्त दिसायचे. तिने डोकं चालवलं, मी हात चालवले, असं आई म्हणते आणि त्यात कौतुक कुणाचं जास्त ते मुद्दाम सांगत नाही. ताई प्रोग्रॅम लिहायला लागली आणि फिरून फिरून तिच्याकडे वेळेचीच कामं येऊ लागली. बसगाड्यांची वेळापत्रकं, पोहण्याच्या तलावाच्या पाळ्या, दवाखान्यातल्या भेटी. ऑफिसात तिला घड्याळबाई म्हणायचे. ती रागवायची नाही.

मला ती समजावून सांगायची, मला कळो न कळो. "क्लास म्हणजे विटेचा साचा," ती म्हणायची, "आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वीट." फक्त तिच्या विटांच्या पोटात तास आणि मिनिटं असायची आणि त्या विटांशी बोलता यायचं. तू अमकीच्या आधीची का गं? असं विचारलं की वीट हो किंवा नाही सांगायची. हा वेळेचा साचा तिने पहिल्या नोकरीत स्वतः घडवला होता आणि पुढच्या प्रत्येक कामात तोच वापरला. सुगरणीने आपली कढई सोडू नये तसं.

"ह्यात तारीख नसते," ती एकदा म्हणाली. "सकाळचे दहा. कुठल्या दिवसाचे? कुठल्याच नाही. रोजचे."

"बापासारखे," मी म्हणाले.

ती हसली नाही. मला जीभ चावावीशी वाटली.

मी तेव्हा भेट केंद्राच्या दारावर राखणदार होते, अजूनही आहे. नवरा-बायको वेगळे झाले, भांडण विकोपाला गेलं, तरी कोर्ट म्हणतं की पोराला आई आणि बाप दोघं भेटले पाहिजेत. अशांसाठी हे केंद्र. बैठी इमारत, आत खेळण्यांची खोली, दोन बाकं आणि एकच दार. मागचं दार विटांनी बुजवलंय, कारण एक बाप पोर काखोटीला मारून तिकडून पळाला होता. दार एक म्हणून नियमही एकच. आईने पोराला आत सोडायचं आणि निघून जायचं. त्यानंतर अर्ध्या तासाने बापाने यायचं. ह्या अर्ध्या तासात ती गल्ली ओलांडते, बस पकडते, दिसेनाशी होते. आमच्या केंद्राचं सगळं काम म्हणजे तो अर्धा तास.

पूर्वी व्यवस्थापक काका सगळ्यांच्या वेळा फळ्यावर लिहायचे. मग एका भल्या माणसाने बायकोची वेळ फळ्यावर वाचली आणि दगड घेऊन तासभर आधी येऊन बसला. त्या बाईच्या डोक्याला पडलेली खोक मी माझ्या ओढणीने बांधली. घरी येऊन मी भांडी आपटली तेव्हा ताई म्हणाली, "मी करून देते. फुकट." तिने करून दिलं. ज्याची त्याला आपली वेळ फोनवर दिसायची, दुसऱ्याची दिसायची नाही. माझ्या टॅबवरसुद्धा एका वेळी एकच नाव यायचं, म्हणजे कोणी माझ्या खांद्यावरून डोकावला तरी त्याच्या हाती काही लागू नये. चांगलं डोकं लावलं होतं. त्या चांगल्या डोक्यानेच पुढे घात केला.

दारावर येणाऱ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवते. एक होता कडक इस्त्री. शर्टावर सुरकुती नाही, बोलण्यात चढा सूर नाही, मला रोज "नमस्कार बाई". त्याची बायको शिंपीण. तिने पदरचे पैसे घालून शिवणयंत्र घेतलं, म्हणून ह्या सभ्य माणसाने एकदा तिचं बोट सुईखाली धरलं आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. सुई नखातून आरपार. तेही शर्ट न चुरगळता, अशी माझी खात्री आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची, तिला मी चिमणी म्हणायचे. ती बापाला भेटायच्या दिवशी सकाळपासून काही खायची नाही. शिंपीण मला दर वेळी एकच विचारायची, "बाई, अर्धा तास आहे ना?" आणि मी छाती पुढे काढून सांगायचे, "माझ्या बहिणीने बांधलाय तो. हलायचा नाही."

एका भेटीच्या दिवशी चिमणीचा दात काढायचा होता. शिंपिणीने काकांना फोन केला, दहाऐवजी अकराला आले तर चालेल का. काका म्हणाले, चालेल की. त्यांनी आईच्या रकान्यात अकरा घातले आणि बापाची वेळ प्रोग्रॅमने आपली आपण काढली. सुरुवातीच्या वेळा दोघांच्या वेगवेगळ्या हाताने घातल्या होत्या; अशी वेळ बदलायची पाळी केंद्रात पहिल्यांदाच आली होती.

शिंपिणीच्या फोनवर आले साडेअकरा. तिला वाटलं, काकांनीच सोय पाहून पुढे ढकललं असेल. माझ्या टॅबवर आलं, आता येणार चिमणीची आई. ती पायऱ्यांपाशी पोचली. चिमणीच्या गालात कापूस होता. ती मला तो तोंड उघडून दाखवत होती आणि मी वाकून बघत होते. तेवढ्यात शिंपिणीचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच आवळला गेला. मी वळून पाहिलं तर कोपऱ्यावरून पांढरा शर्ट येत होता.

"मी माझ्या वेळेला आलोय," तो म्हणाला. आवाज तोच, नमस्कार बाईवाला.

मी मध्ये उभी राहिले. त्याने मला ढकललं नाही, नुसता बाजूने वळला आणि शिंपिणीचे केस मुठीत धरले. तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिच्या पिशवीत दुकानातली मोठी कात्री होती, ती पायरीवर पडली. त्याने ती उचलली आणि तिच्या डोळ्याच्या दिशेने आणली. शिंपिणीने मान फिरवली म्हणून पातं आत घुसलं नाही, पण कपाळापासून भुवईतून डोळ्यावरून खाली आलं आणि डोळ्यात रक्त भरलं. चिमणी ओरडत नव्हती. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिने कापूस हातात धरला होता.

दाराचा लोखंडी अडसर माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नाही. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला आणि कात्री उडाली. मनगट मोडलं ते मला हातात जाणवलं. तिथे मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. खांद्यावर घातला, बरगडीत घातला, तो खाली पडल्यावर गुडघ्यावर घातला. शर्ट लाल झाला त्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग चिमणीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी टेबलाखालून बापाकडे पाहिलं होतं. माझ्या हातातून अडसर गळून पडला.

शिंपिणीचा डावा डोळा वाचला नाही.

इस्पितळाच्या बाकावर ताई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. माझ्या बाह्यांवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. तिने वर न बघता विचारलं, "आईची वेळ किती दाखवली?"

"साडेअकरा."

"आणि त्याची?"

"त्याचीही साडेअकरा, असं पोलिसांना सांगत होता."

तिने प्रोग्रॅममध्ये अकरा घालून बघितले. मग मला समजावून सांगू लागली, आणि ह्या वेळी मला सगळं कळलं. तिने आईच्या वेळेला विचारलं होतं, अर्ध्या तासाने तू किती होशील? वेळेने नुसतं उत्तर द्यायचं होतं. पण ताईच्या जुन्या साच्यातली वेळ उत्तर देत नसे, ती स्वतःच उठून अर्धा तास पुढे सरकत असे. अकराची वीट साडेअकराची झाली आणि तीच बापाच्या नावाने लागली. आईकडे दुसरी वीट नव्हतीच. एकच वीट दोघांच्या नावावर.

"मी तपासलं होतं गं, धाकटे," ती म्हणाली. "बदल करून बघितला होता. त्याची वेळ बरोबर आली. आईची मी बघितलीच नाही. मीच तर घातली होती, ती कशाला हलेल?"

मला तिला धीर द्यायला हवा होता. मी म्हणाले, "तिचा डोळा गेला, ताई." मला राग आला होता आणि समोर तीच होती.

तिने तिथेच साचा बदलला. आता वेळ एकदा घडली की हलत नाही. अर्ध्या तासानंतरची हवी तर नवी वीट पाडायची, जुनी जागच्या जागी राहते. एवढंसं काम. शिंपिणीला शुद्धीवर यायला जास्त वेळ लागला.

इकडे काकांनी घाबरून शिंपिणीच्या रकान्यात पुन्हा अकरा घालून ठेवले. आधी काय होतं ते त्या पानावर राहत नव्हतं. आणि ह्याचाच कडक इस्त्रीच्या वकिलाने फायदा उचलला. त्याने अर्ज केला की बाईने मुद्दाम वेळ बदलून घेतली, अकराला न येता साडेअकराला आली, पिशवीत कात्री घेऊन दबा धरून बसली आणि राखणदारणीच्या मदतीने नवऱ्यावर हल्ला केला. अशा आईकडे मुलगी सुरक्षित नाही. मुलगी बापाला द्यावी. शिंपिणीचा फोन पायऱ्यांवर चुरा झाला होता. कडक इस्त्रीने पोलिसांना जे सांगितलं होतं त्यात त्याची स्वतःची वेळ खरीच होती. माझी साक्ष कोण धरणार? मी तर त्याचं मनगट मोडणारी बाई.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काका आमच्या घरी आले. वाईट माणूस नाही तो. हात जोडून बसला. "तुम्ही चूक कबूल केलीत तर केंद्राला टाळं लागेल," तो ताईला म्हणाला. "मग ही सगळी पोरं कुठे भेटणार? रस्त्यावर? तुमचीही नोकरी जाईल. आणि आता तर प्रोग्रॅम बरोबर चालतोय ना?"

"चालतोय," ताई म्हणाली.

"मग झालं तर."

"आणि चिमणी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठले. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि मला वाटलं, गेलं. ही टेबलाखाली जाणार. मी तिला तसं तोंडावर बोलले असते, पण आई भाजी चिरत होती. वाकड्या बोटांनी ती सुरी मुठीत धरते. तिने सुरी खाली ठेवली.

"उद्या मीपण येते," ती म्हणाली. "घरी बसून काय करू?"

कोर्टाची खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. कडक इस्त्री जामिनावर सुटून नव्या शर्टात आला होता, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. शिंपिणीच्या डोळ्यावर पट्टी होती. चिमणी तिच्या कुशीत शिरून बसली होती. वकील बोलत होता आणि छान बोलत होता. न्यायाधीशबाई समोरच्या स्क्रीनवर बघून मान हलवत होत्या. तिथे अकरा लिहिलेले होते. शिंपीण म्हणाली, "मला साडेअकरा दिसले होते हो, देवाशपथ," आणि खरं असूनही ते मलासुद्धा खोटं वाटलं. न्यायाधीशबाईंनी लिहायला पेन उचललं.

ताई उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"ह्या बाई दिलेल्या वेळेला आल्या," ती म्हणाली. "वेळ चुकीची होती. घड्याळ मी फिरवलं."

त्या खटल्यात घड्याळाचा कोणी उल्लेखही केला नव्हता. न्यायाधीशबाई गोंधळल्या. माझ्या शेजारी आईने श्वास आत ओढला आणि तो सोडलाच नाही.

मग ताईने सगळं सांगितलं. कुणाची भीड ठेवली नाही, स्वतःची तर नाहीच. जुना साचा दाखवला, अकरा घातल्यावर दोन्ही वेळा साडेअकरा कशा होतात ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. न्यायाधीशबाईंनी स्वतः दुसरी वेळ घालून बघितली. तिथेही दोघं एकाच वेळी दारात. त्यांनी काकांना विचारलं, रकाना तुम्ही नंतर बदललात का. काका मान खाली घालून म्हणाले, "हो." वकील उठला आणि परत बसला.

कडक इस्त्री मात्र बसला नाही. एवढ्या दिवसांत मी त्याचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तू कोण गं मध्ये बोलणारी?" असं म्हणत तो बाक ओलांडून आला आणि प्लास्टरचा हात त्याने ताईच्या तोंडावर घातला. ताई टेबलावर आपटून खाली पडली. त्याने पुन्हा हात उगारला. मी उठले होते, माझ्या हातात खुर्ची होती, आणि माझ्या मनगटाला काहीतरी वाकडंतिकडं आवळलं. आईची बोटं होती. "तू नाही," ती म्हणाली. तोवर दोन शिपायांनी त्याला खाली दाबलं होतं. बेड्या नीट बसेनात, प्लास्टरमुळे.

न्यायाधीशबाईंनी निकाल उभ्यानेच सांगितला. मुलगी आईकडे, बापाच्या भेटी बंद, आणि ह्याला घेऊन जा. ताईच्या चुकीची वेगळी चौकशी होणार होती. ती झाली, नोकरीही गेली, काकांचं भाकीत तेवढं खरं ठरलं. केंद्र मात्र चालू आहे.

पण त्या दिवशी आई ताईजवळ जमिनीवर बसली आणि तिने आपला रुमाल तिच्या तोंडावर दाबला. ताईचे पुढचे दोन दात रुमालात आले. आईने ते बघितले.

"म्हणून तर तेव्हा मी माझं नाव सांगितलं होतं," आई म्हणाली.

ताईला बोलता येत नव्हतं. तिने आईची वाकडी बोटं धरली आणि मान हलवली. एवढ्या वर्षांत आमच्यात त्या घड्याळाचं नाव निघालं ते हे एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडले, बापासाठी आलं नव्हतं ते सगळं.

शिपाई कडक इस्त्रीला उठवायला लागले तेव्हा ताईने हात वर केला. शिंपीण चिमणीला घेऊन नुकतीच दाराबाहेर पडत होती. ताईने रुमाल बाजूला केला आणि रक्ताळलेल्या तोंडाने, शब्द फुटत फुटत, शिपायाला सांगितलं, "ह्याला अर्धा तास इथेच बसवा."

शिपायाने न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

मी म्हणाले, इस्पितळात चल. ती ऐकेना. खुर्ची ओढून त्याच्या बरोबर समोर बसली, रुमाल तोंडाला लावून, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. आई तिच्या शेजारी बसली. रुमाल भरला तेव्हा मी माझी ओढणी दिली. अर्धा तास पुरा झाल्यावर ताई उठली आणि म्हणाली, "आता चला."